आधी चिंधीवर

तुम्हीच सांगा, माणसानं विश्वास ठेवावा तो कुणावर? घरच्या माणसावर, ऑनलाइन ठेवलेल्या फोल्डरवर, की टेबलाच्या कोपऱ्यात गप्प बसलेल्या माझ्यावर? घाई नको. आधी ऐका.

मी हार्ड डिस्क बोलतेय, नारायण पेठेतल्या सुशीलाबाईंच्या भरतकामाच्या दुकानातली. जन्म कारखान्यातला, पण शिक्षण सगळं काउंटरवर. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, एवढ्याशा मोराचे एवढे पैसे? "मग चिमणी काढून देते," बाई म्हणाल्या. गिऱ्हाइकानं मोरच घेतला.

असे मोर, कोयऱ्या, वेली बाईंनी एकवीस वर्षं हातानं काढल्या. तीन हजार आठशे नक्षी. त्यांच्या फाईली करून मशीनला द्यायच्या, आणि त्या फाईली ऑनलाइन फोल्डरमध्ये. तो फोल्डर दुकानातल्या कॉम्प्युटरवर, मशीन चालवणाऱ्या नियाजच्या लॅपटॉपवर आणि बाईंचे धाकटे दीर सर्जेराव यांच्या फोनमध्ये दिसायचा. तीन ठिकाणी आहे, चिंता कसली, असं सर्जेराव म्हणायचे. अहो, एका विहिरीत तीन पोहरे सोडले म्हणून विहिरी तीन होत नाहीत.

नियाज दर सोमवारी मला लॅपटॉपला जोडायचा आणि काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायचा. पूर्वी त्या ओळीत 'कॉपी' असायचं. नवं आलं की माझ्यात भर पडायची, जुनं जागेवर राहायचं. माझ्यात अडगळ फार झाली म्हणून दिवाळीत त्यानं तिथं 'सिंक' लिहायला सुरुवात केली. म्हणजे वर फोल्डरमध्ये जे नाही, ते माझ्यातूनही पुसायचं.

मार्चमधल्या एका दुपारी सर्जेराव आले. वारज्याला स्वतःचं दुकान टाकायचंय, सगळी नक्षी माझ्या नावावर करून द्या, म्हणाले. बाईंनी नाही म्हटलं. सर्जेरावांनी हातोडा उचलला.

पहिल्या घावात मशीनच्या सुया तडातड उडाल्या. दुसऱ्यात कॉम्प्युटरचा पडदा फुटला. नियाज आडवा आला, तिसरा त्याच्या बरगडीवर बसला. मग ते माझ्याकडे वळले. बाईंनी मला हातानं झाकलं, आणि हातोडा त्यांच्या बोटांवर आला. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकलाय. त्यानंतर सर्जेरावांनी मला उचलून भिंतीवर आपटलं.

"आता काढा मोर, वहिनी," असं म्हणून ते दारात उभे राहिले आणि फोन काढून फोल्डर पुसू लागले. त्यातल्या कचरापेटीसकट.

नियाज बरगडी धरून मला शोधत आला. "बाई, ते पुसतायत. उरलंय तेवढं खाली ओढून घेतो." त्यानं मला लॅपटॉपला जोडलं आणि हाताला सवय होती तीच सोमवारची ओळ लिहिली. 'सिंक'. एन्टरवर बोट. मला सगळं कळत होतं, पण बोंब मारायला तोंड कुठंय?

बाईंना त्या काळ्या पडद्यातलं ओ की ठो कळत नाही. पण पैठणीवर सुई घालण्याआधी नक्षी जुन्या कापडावर चालवून बघायची, हा त्यांचा दंडक. मोडलेली बोटं पोटाशी धरून त्या म्हणाल्या, "नियाज, आधी चिंधीवर."

नियाज थबकला. त्यानं ओळीच्या शेवटी 'ड्राय रन' जोडलं. तसं लिहिलं की प्रत्यक्ष काही होत नाही, काय होईल तेवढं दिसतं. पडद्यावर यादी धावू लागली. मोर पुसला जाईल. कोयरी पुसली जाईल. वेल पुसली जाईल. यादी थांबेचना.

त्यानं तव्याचा चटका बसावा तसा हात मागं घेतला. "बाई, हिला मीच मारणार होतो."

"मारलं नाहीस ना? मग काढ ती तार, आणि मला दवाखान्यात ने."

तोवर शेजारच्या दुकानदारांनी सर्जेरावांना धरलं होतं. आता खटला चालू आहे.

बाईंच्या हाताला प्लास्टर लागलं त्याच संध्याकाळी नियाजनं दोन नव्या डिस्क आणल्या आणि 'कॉपी' लिहून सगळं त्यांच्यात उतरवलं. माझी चकती करकरत होती. शेवटची फाईल दिली आणि चकती अडकली ती कायमची. त्या नव्या दोघींपैकी एक दुकानात असते, दुसरी नियाजच्या घरी.

बाईंची दोन बोटं वळत नाहीत. डाव्या हातानं काढलेल्या मोराची मान वाकडी येते. कुणी विचारलंच तर म्हणतात, "भांडण बघतोय."

मी ड्रॉवरमध्ये चिंध्यांवर पडून असते. एवढंच मागणं आहे, तुमच्याकडच्या प्रतींचा हिशोब खरा ठेवा. एकच फोल्डर तीन फोनांत दिसला तरी एकच धरा. जी प्रत उघडून पाहिली नाही, ती जमेत धरू नका. आणि मलाही धरू नका. मी संपले आहे, तसंच लिहा.