समुद्राचा सदरा तालमीत

मी एक रॅशगार्ड. नाव ऐकून बँकेच्या दारातला बंदूकवाला डोळ्यांसमोर आला असेल, तर तुमचा दोष नाही. कोल्हापुरात बऱ्याच जणांना तसंच वाटलं होतं. मी आपला साधा कपडा आहे. निळा, लांब बाह्यांचा, गुळगुळीत, अंगाला लागून बसणारा, पण अंग न आवळणारा. माणसाचं कातडं राखायचं, एवढंच माझं काम. पण ते माझं काम आहे हे मला स्वतःलाच उशिरा कळलं. त्यामुळे तुम्ही मला हसलात तरी मी रागावणार नाही.

माझा जन्म समुद्रासाठी झाला. लाटांवर फळी घेऊन खेळणारी माणसं असतात म्हणे. फळीवर घासून त्यांचं पोट सोलपटतं, म्हणून ती माझ्यासारखे सदरे घालतात. मी मात्र अजून समुद्र पाहिलेला नाही. एका बंदराच्या बाजारात मी लटकत होतो, तेव्हा प्रसेनजीत नावाचा माणूस दुकानात शिरला. मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात तो कामाला होता. भाची कुस्ती खेळते आणि तिचं अंग सोलतं, हे त्याने दुकानदाराला हातवारे करून सांगितलं. सांगता सांगता त्याने स्वतःच्याच मानेला मिठी मारली. दुकानदार हसला आणि त्याने दोन कपडे पुढे टाकले. एक मी आणि दुसरा माझ्या शेजारचा काळा.

काळ्याचं खरं नाव कंप्रेशन शर्ट. आखूड बाह्यांचा आणि आवळून धरणारा. दिसायला आम्ही सख्खे भाऊ, स्वभावाने मात्र एकदम वेगळे. मी कातडीवरून पाण्यासारखा सरकतो. तो स्नायूंना घट्ट धरून बसतो. प्रसेनजीतला यातलं काही माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. ‘दोन्ही नेऊ, एक तरी लागेल,’ म्हणून त्याने आम्हाला पिशवीत कोंबलं. ते दोन हजार पाच साल होतं.

पिशवी उघडली ती उचगावात, भाऊसोंच्या घरी. भाऊसो म्हणजे प्रसेनजीतचे मेहुणे, फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, साचे भरायचे. त्यांची बायको तानूबाई आणि एकोणीस वर्षांची मुलगी सोनम. सोनम म्हणजे प्रसेनजीतने जिच्यासाठी स्वतःला मिठी मारून दाखवली होती ती भाची. तानूबाईंनी मला उचललं, उलटसुलट केलं, ताणून पाहिलं.

“ह्ये काय रं बाबा? पोहायचं हाय का घालायचं?”

“अगं ताई, कुस्तीचंच हाय. दुकानदार म्हणाला.”

“निळं हाय, न्हवं? मग ऱ्हाऊ दे,” तानूबाई म्हणाल्या आणि मला सरळ ट्रंकेत ठेवलं. निळ्या झेंड्यामुळे त्या रंगाचा मान त्या घरात मोठा होता, हे मला नंतर कळलं. पण मान मिळाला की माणूस काय, कपडा काय, बसून राहतो.

सोनम शहरातल्या केरबा वस्तादांच्या तालमीत जायची. तिथे पोरांसाठी आखाडा होता. आखाड्यातल्या लाल मातीला तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असं सगळं पाजलेलं असतं. त्या मातीत कितीही लोळा, कातडी बिघडत नाही, असं वस्ताद सांगायचे. पण मुलींच्या कुस्त्या मॅटवर, आणि मॅट होती शेजारच्या हॉलमध्ये. मॅट म्हणजे प्लॅस्टिकचं आवरण घातलेली जाड गादी. ती घाम पीत नाही. तिच्यावर कोपर घासलं की चटका बसतो, आणि एकाच्या अंगावरचा नायटा दुसऱ्याच्या अंगावर आरामात मुक्कामाला जातो.

सोनमच्या कोपरांवर चट्टे उठले होते, मानेखाली लाल गोल उमटले होते. गावात बायका विचारायच्या. तानूबाईंचा जीव त्या डागांनी कातरायचा. दोन महिन्यांवर हातकणंगल्याला जिल्ह्याची निवड होती. तिथे कुस्तीआधी डॉक्टर अंग तपासतात आणि पसरणारा डाग दिसला की खेळाडूला घरी पाठवतात.

एका संध्याकाळी तानूबाईंनी भाकरी थापता थापता सांगून टाकलं, “त्या डाक्टरनं जर तुला परत लावलं, तर कुस्ती बंद. मग मला इचारू नगंस.”

“आणि न्हाय लावलं तर?”

“तर बघू.”

आता कोणता सदरा घालायचा, याला असं एकदम महत्त्व आलं. आम्हा दोघांना वस्तादांपुढे नेण्यात आलं. केरबा वस्तादांनी आम्हाला दोन्ही हातांत धरून ओढलं. मी सहज ताणलो. काळा ताणला आणि फटकन परत आला. वस्तादांचे डोळे चमकले.

“ह्यो काळा! लंगोट सैल तर पैलवान सैल. अंगाला आवळून बसलं पायजे. निळ्याला काय, समोरची धरंल आणि फिरवंल गरागरा.”

त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. सैल कपडा धरता येतो, हे खरंच. पण त्यांनी काळ्यालाही लंगोटाचे नियम लावले. तालमीचा रिवाज असा, की आधी अंगाला तेल चोळायचं, मग कसून बांधायचं, मग मेहनत. सोनमने हळद घातलेलं तेल चोळलं, त्यावर काळा चढवला आणि मॅटवर उतरली. नंतर तसाच घामेजलेला काळा अंगात ठेवून केएमटीच्या बसने उचगावला आली. रोज हेच.

मी तोवर ट्रंकेत होतो. नाही म्हणायला एकदा थंडीत भाऊसोंनी मला आत घालून कामावर नेलं. मला फौंड्री बघायची फार उत्सुकता होती! वितळलेलं लोखंड बघायला मिळालं, आणि त्याची एक ठिणगी माझ्या डाव्या बाहीवर बसली. भोक पडलं. तानूबाईंनी भाऊसोंना असं काही झाडलं, की ते जेवताना मान वर करेनात. मग घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून लाल दोऱ्यानेच त्यांनी ते भोक रफू केलं.

इकडे काळ्याचे हाल सुरू होते. रात्री ट्रंकेवरच्या दोरीवरून तो मला कुजबुजून सांगायचा, “अरे, हे तेल माझ्या आत शिरतंय. पकडच राहिली नाही. आणि कोपरं माझ्या हद्दीत येतच नाहीत, तर मी ती राखू कशी?” मला त्याची दया यायची आणि मनातून थोडं बरंही वाटायचं. खोटं कशाला बोलू?

सोनमचे डाग वाढले. काखेच्या कडेला, जिथे काळा ओला होऊन घट्ट चिकटायचा, तिथे नवीन गोल आले. ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, “कातडी कोरडी ठेवा, घासू देऊ नका.” बास, एवढंच. बाकीचं सोनमने स्वतः आरशापुढे उभं राहून शोधून काढलं. कुठे आवळलंय, कुठे उघडं आहे, डाग नेमका कुठे आलाय, हे ती बोटाने बघत राहिली. मग तिने ट्रंक उघडली.

“आई, ह्याच्या बाह्या लांब हायत. आणि ह्ये वाळतंय बघ कसं पटकन.”

“सैल हाय म्हनला की तुझा वस्ताद.”

“मग तू आवळून दे की.”

कुस्ती बंद व्हावी असं तानूबाईंना मनापासून वाटत होतं. मला वाटलं, ही बाई आता सुई हरवल्याचं सांगणार. पण त्यांनी सोनमला उभं केलं, मला तिच्या अंगावर उलटं चढवलं आणि दोन्ही कुशींना टाचण्या लावल्या. टाचणी लावताना मधेच थांबून त्या पोरीच्या कोपरावर फुंकर घालायच्या. दुसऱ्या दिवशी मी बरोबर मापाचा झालो. धरायला चिमूट नाही आणि श्वासाला अडथळा नाही.

वस्तादांनी मला सोनमच्या अंगावर पाहून भुवई चढवली. त्यांनी स्वतः माझी कूस धरायचा प्रयत्न केला. बोटं सटकली.

“आणि त्याल?” त्यांनी विचारलं.

“त्याल न्हाय, वस्ताद. कोरडं अंग. घरी गेल्या गेल्या धुतो आणि सावलीत वाळवतो.”

वस्तादांनी मिशी कुरवाळली. “मातीचं मातीत,” ते म्हणाले. “मॅटचं येगळं आसंल. घाल.” काळ्यालाही त्यांनी टाकलं नाही. साबणाने धुवून त्याला पळण्याच्या व्यायामाला लावलं. धावताना अंग धरून ठेवणं हाच त्याचा खरा धंदा होता. पण तेलाने त्याची पकड आधीच निम्मी खाल्ली होती.

आता माझी पाळी आली. मॅटवर माणसं काय करतात हे मला पहिल्यांदा जवळून कळलं. एकमेकींचा जीव घ्यायला निघाल्यासारख्या भिडतात आणि सुटल्या की एकीच्याच बाटलीतलं पाणी दोघी पितात! मॅट मला घासायची, चटके मला बसायचे. खाली सोनमची कातडी हळूहळू निवत चालली होती. मला फार आनंद होत होता.

हातकणंगल्याला तानूबाईही आल्या. आजवर त्यांनी मुलीची एकही कुस्ती पाहिली नव्हती. “परत लावली तर हितनंच घिऊन जाईन,” असं त्या एसटीत दोनदा म्हणाल्या. डॉक्टरांनी सोनमची मान पाहिली, कोपरं पाहिली, काखा पाहिल्या. जुन्या डागांच्या फिकट खुणा होत्या. त्यावर त्यांनी बोट फिरवलं.

“बरं झालंय हे. जा.”

मी मनात म्हटलं, आता मॅटवर बघा माझी ऐट! तेवढ्यात पंच म्हणाले, “हा लांब बाह्यांचा काढा. फक्त कॉस्च्यूम.” कुस्तीचा तो बिनबाह्यांचा तंग पोशाख सोनमने आत घातलेलाच होता. तिने मला काढलं आणि आईच्या हातात दिलं. एवढं सगळं करून ऐन वेळी मी बाहेर. मला रडूच आलं असतं, पण कपड्याला ती सोय नाही.

शिट्टी झाली. समोरची मुलगी मलकापूरची, दांडगी. सोनमने पहिल्यांदा तिला खाली घेतलं. तानूबाईंच्या मुठी माझ्यावर मिटल्या. मग समोरचीने पट काढला, म्हणजे पाय ओढून तिला पाडलं. मुठी आणखी मिटल्या. काळ्याने कधी कुणाला इतकं आवळलं नसेल, इतकं त्या बाईने मला पिळलं. त्यांचा अंगठा शोधत शोधत लाल रफूवर आला आणि तिथेच घासत राहिला. सोनमचे खांदे मॅटला टेकत आले, तेव्हा तानूबाई किंचाळल्या, “ऊठ की गं! ऊठ सोनम! खांदा उचल!”

सोनम हरली. निवड मलकापूरची झाली. ती मान खाली घालून आईजवळ आली. तानूबाईंनी मला झटकलं, तिच्या अंगात चढवलं, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत ओढल्या.

“चल. उद्या पाटं तालमीला उशीर नगं.”

याला आता चार वर्षं होत आली. माझी लवचीकता गेली, कुशी दोनदा उसवल्या. सोनमने माझ्या जागी नवा रॅशगार्ड आणलाय, आणि तो तिने स्वतः निवडून आणलाय. काळा भाऊसोंच्या सायकलची साखळी पुसतो. मी मात्र घरात अजून मानाने आहे. सोनमची कुस्ती कुठेही असो, तानूबाई मला घडी करून पिशवीत घेतात आणि पहिल्या रांगेत बसल्या की बाहेर काढतात.

वाचकहो, तुम्ही अंगावरचा कपडा निवडाल तेव्हा त्याला एकदा विचारा, बाबा, तुझं काम काय? आणि तानूबाई, तुम्हाला मात्र माझं एकच सांगणं आहे. कितीही पिळा, पण लाल दोऱ्याकडे जरा हळू. तुमच्या अंगठ्याने तो विरत चाललाय.