धुळा धनगराची बाज

मी एक बाज आहे. बाभळीचे चार पाय आणि घायपाताच्या दोरीची वीण, एवढंच माझं अंग. म्हसवडजवळच्या एका वाडीत जोतीराम सुतारानं मला घडवलं.

ज्याच्यासाठी घडवलं, तो धुळा धनगर जन्मभर मेंढरांमागं चालला आणि घोंगडं टाकून भुईवरच निजला. महायुद्धात त्याचा एकुलता मुलगा सिद्धू ब्रह्मदेशात पडला. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशीही म्हाताऱ्यानं मेंढरं चरायला सोडली. "लय घट्ट काळजाचा गडी," असं वाडी म्हणाली.

मग सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात तो ओढ्यात घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पुतण्या अर्जुनानं मेंढरं आपल्या कळपात घेतली आणि चुलत्यासाठी मला आणून टाकलं.

मुलाच्या मरणानं न मोडलेला माणूस माझ्यावर पडल्या पडल्या मोडला. माणूस खंगतो ते आधी बाजेला कळतं. धुळा कूस बदलायचा, तरी माझी दोरी करकरेना. "आता मी नुसतं वझं," एवढंच तो पुटपुटायचा.

त्याची बायको रंगुबाई हटणारी नव्हती. तिनं अर्जुनाकडून एक मेंढी मागून आणली आणि माझ्या पायाला बांधली. धुळाचा हात लोकरीत गेला. त्या दिवशी तो उठून बसला, अर्धी भाकरी खाल्ली. रंगुबाई डोळ्यांना पदर लावून चुलीकडं वळली.

पण कळपावाचून मेंढी चारा तोंडात घेईना. नुसती ओरडत राहायची.

"सोड तिला," धुळा म्हणाला. "एकटं मेंढरू जगत न्हाई."

"आवं, मग तुमी?"

"मला भुईवर घे."

माणसाला भुईवर शेवटच्या घटकेलाच घेतात, हे तिला ठाऊक होतं. "आजून न्हाई," म्हणून ती उशाशी बसून राहिली. मेंढी कळपात परत गेली. दसऱ्याच्या आधी शेजाऱ्यांनी धुळाला खाली घेतलं.

रंगुबाई माझ्यावर निजत नाही. कुडाला टेकून बसते. चूल रोज पेटत नाही. अर्जुना कळप घेऊन कोकणात उतरलाय. काल शेजारची भामाबाई आली. तिची सून बाळंत व्हायचीय.

"बाज मोकळीच हाय न्हवं?"

रंगुबाईनं मान डोलावली.

न्या मला. माझ्यावर एखादं पोर रडलं तर बरंच वाटेल. पण मला उचलायला याल, तेव्हा तुमच्यातल्या एकानं तरी तिच्याजवळ बसा आणि विचारा, "म्हातारे, आज जेवलीस का?"