लाइलचा ॲम्प खुर्चीवर चढतो

आमचा बँड चौघांचा. ड्रमवर ओडेट, गिटारवर लाइल, गायला ब्राइस आणि बेसवर मी. थंडर बे शहरात लाइलच्या गॅरेजात दर शनिवारी दुपारी तालीम. लाइलला स्वतःची गिटार ऐकू यायची नाही, म्हणून तो आवाज वाढवायचा. मग मी वाढवायचो. मग ओडेट आणखी जोरात बडवायची. शेजारचा कुत्रा तळघरात जाऊन बसायचा.

एका शनिवारी ओडेट आली ती कानांच्या मापाचे रबरी बोळे घालूनच.

"काय गं, पोहायला निघालीस?" लाइल म्हणाला.

"कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. तालमीनंतर सोमवारपर्यंत शिट्टी वाजत राहते कानात. परवा लेक मागून हाका मारत होती, मला पत्ताच नाही. डॉक्टर म्हणाली, गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते सांभाळ."

लाइलचा चेहरा पडला. "अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"बोलले की! तीनदा. तुला ऐकू कुठे जातं?"

ती उठून त्याच्या ॲम्पपाशी गेली. गिटारचा आवाज मोठा करणारा तो खोका जमिनीवर होता, तोंड लाइलच्या पायांकडे.

"अक्कल गुडघ्यात असते हे माहीत होतं. तुझे कानही तिथेच आहेत का रे?"

तिने ॲम्प उचलून गॅरेजात पडलेल्या स्वयंपाकघरातल्या जुन्या खुर्चीवर ठेवला, थेट लाइलच्या तोंडासमोर. त्याने तार छेडली आणि दोन पावलं मागे उडाला.

"बापरे! इतकं कर्कश मी वाजवतो?"

"सहा वर्षं झाली," मी म्हणालो.

त्याने बटण आठवरून तीनवर आणलं. मीही कमी केलं. ओडेटने ड्रमवर टॉवेल टाकला. आणि आम्हाला पहिल्यांदाच ब्राइस नीट ऐकू आला. दुसऱ्या गाण्यात मी थांबलोच.

"ब्राइस, दुसऱ्या कडव्यात काय म्हणालास तू?"

तो लाजला. "पाठ नाही रे ते. काहीतरी बडबडतो. कुणाला कळणार होतं?"

ओडेट हसता हसता स्टुलावरून पडायची बाकी होती. ब्राइसने त्या दुपारी जमिनीवर बसून कडवं पाठ केलं.

पंधरा दिवसांनी लाइलही कान तपासून आला. बराच वेळ तारा जुळवत बसला.

"उजवा ठीक आहे," शेवटी म्हणाला. "डावा गेलाय थोडा. तुझ्या ड्रमच्या झांजांच्या बाजूचा."

ओडेटने झांजांचा स्टँड ओढून त्याच्या डाव्या कानापासून लांब नेला आणि त्याच्यासाठी जागा करून दिली.