वॉशर, नग एक

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे आणि गेल्या गुरुवारी सकाळी मला शाळेतून कायमचं काढून टाकण्यात आलं.

तसं काही झालेलं नाही. मी आहे तिथेच आहे, झाडूच्या खोलीत, नळाशेजारी, आणि आत्ता माझ्या पोटात चौदा मोजे फिरत आहेत. पंधरावा होता. त्याचं काय झालं ते कृपया विचारू नका.

मित्रांनो, माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. त्या दिवशी आम्ही चाळीस बहिणी जन्मलो. आमच्या प्रत्येकीच्या खोक्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. तिने पांढरे टॉवेल छातीशी धरले होते. मला वाटलं, आपण हिच्याच घरी जाणार. मग मला ट्रकमध्ये घालून केंटकीच्या डोंगरात आणलं, खाणी बंद पडलेल्या एका गावात, आणि खोकं उघडलं तेव्हा समोर फळा होता. ही स्किलेट क्रीकची प्राथमिक शाळा होती. मला जबर धक्का बसला. शाळेत मुलांना धुतात हे मी ऐकून होते, पण त्यासाठी मशीन लागते हे माहीत नव्हतं.

मला इथे आणलं विल्मा हॅचर यांनी. सगळे त्यांना मिस विल्मा म्हणतात. मूल शाळेत आलं नाही की ते का आलं नाही हे घरी जाऊन शोधायचं, हे त्यांचं काम. त्या घळीघळीतून हिंडल्या. त्यांना आढळलं की पुस्तकं आहेत, बस येते, आजारही नाही. पण पुरात घरोघरच्या मशिनी वाहून गेल्या आहेत, गावातली लाँड्री बंद पडली आहे आणि विहिरीच्या गंजक्या पाण्यात धुतलेला कपडा नारिंगी होतो. म्हणून सोमवारी अर्धा वर्ग रिकामा.

गरीब घरची मुलं जास्त असलेल्या शाळांना केंद्र सरकारचा निधी येतो. मिस विल्मांनी त्यातून मला मागितलं. मुख्याध्यापक स्टम्बो हे भले गृहस्थ, पण कागदाला फार घाबरतात. साधी वाढदिवसाची चिठ्ठीसुद्धा ते दोनदा वाचून सही करतात.

"विल्मा, हा निधी वाचनासाठी आणि गणितासाठी असतो," ते म्हणाले.

"सर, पोर वर्गात बसलं तर वाचेल ना. घरी बसून स्वतःच्या शर्टाचा वास घेणारं पोर काय गणित करणार?"

"पण मी कागदावर लिहू काय?"

"हजेरी लिहा."

अशा रीतीने मी सरकारी झाले. माझ्या कपाळावर एक चिठ्ठी चिकटवण्यात आली. 'केंद्र सरकारच्या निधीतून. क्रमांक ४१७. परवानगीशिवाय हलवू नये.' मित्रांनो, मला हलवू नये. माझा धंदाच हलण्याचा आहे. मी पहिल्याच दिवशी नियम मोडला आणि तेव्हापासून रोज मोडते आहे.

शेजारी कपडे वाळवणारा ड्रायर आहे. तो गरम डोक्याचा आहे, फारसा बोलत नाही. तो चर्चच्या बायकांनी दान दिलेला, तशी पितळी पाटीच आहे त्याच्यावर. म्हणजे तो देवाच्या मालकीचा. त्याची तपासणी होत नाही.

आता टेसाबद्दल सांगते. टेसा नेपिअर चौथीत आहे आणि वरच्या घळीत आपल्या आजीजवळ राहते. आमच्याकडे आजीला मॅमॉ म्हणतात. घरात कोळशाची शेगडी, त्यामुळे टेसाच्या कपड्यांना धुराचा वास. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "धुराडं आलं रे, खिडकी उघडा." टेसाने त्याचं सोपं उत्तर काढलं. ती येईनाशी झाली. मग कोर्टाचं पत्र आलं. यंदा आणखी तीन दिवस बुडाले, तर मॅमॉने न्यायाधीशांपुढे उभं राहायचं. आणि टेसाने मॅमॉकडेच राहायचं की दुसऱ्या गावी परक्यांकडे, ते न्यायाधीश ठरवणार.

मॅमॉ हे पत्र घेऊन शाळेत आली तेव्हा मी तिला प्रथम पाहिलं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मिस विल्मा, आम्ही नेपिअर लोक कुणाचं फुकट घेत नाही."

"फुकट कुठे, मिस ऑर्फा? तुमच्याच करातून आलीय ही."

"मी कुठे कर भरते?"

"तंबाखूवर भरता की."

मॅमॉने तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात नेली आणि हिशेब केला. "मग ही अख्खी मशीन माझ्या एकटीचीच असणार," ती म्हणाली. "चांगली दणकट घेतलीय मी."

त्या दिवसापासून सोमवारी टेसा पिशवी आणू लागली. पिशवीवर छापलेलं होतं, 'वाचनाची पिशवी'. ही मिस विल्मांची युक्ती. शाळेतल्या प्रत्येक मुलाला तशीच पिशवी मिळाली होती, त्यामुळे कुणाच्या पिशवीत पुस्तकं आणि कुणाच्या पिशवीत चड्ड्या, हे कुणालाच कळत नसे. मलासुद्धा. एकदा अख्खा भूगोल माझ्या पोटात गेला. गरम पाण्यात रॉकी पर्वत बराच आटला.

पण वर्ग भरू लागले. टेसाला कुणी धुराडं म्हणेना. मी येऊन दोन वर्षं झाली तेव्हा शाळेला हजेरीची ढाल मिळाली. फोटोत स्टम्बो सर होते, ढाल होती, ढाल पुसणारा शिपाई गेहार्टही होता. मी नव्हते. माझ्या झाकणाची बिजागरी तुटली, पायाला गंज चढला, कुणी विचारलं नाही. मार्चमध्ये वाफेने माझ्या कपाळावरची चिठ्ठीही सुटली आणि धुण्यात पडली. मला वाटलं, विरघळली बिचारी.

मे महिन्यात राजधानीहून तपासणी आली. तपासणीचं नाव मिस प्रुईट. केंद्राच्या पैशातून घेतलेली प्रत्येक वस्तू त्या यादीप्रमाणे डोळ्यांनी बघणार होत्या. मिस विल्मा नेमक्या तीन दिवसांसाठी लेक्सिंग्टनला प्रशिक्षणाला गेल्या होत्या. प्रशिक्षणाचा विषय होता, निधीचा योग्य वापर.

आमच्याकडे मला वॉशर म्हणतात. नळात जी चकती असते, तिलाही वॉशरच म्हणतात. एवढं लक्षात ठेवा, कारण ते कार्यालयातल्या कुणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

"क्रमांक ४१७," मिस प्रुईट यादीतून वाचू लागल्या. "वॉशर, स्टील, नग एक. ठिकाण, झाडूच्या खोलीत नळाजवळ."

"गेहार्ट, बाईंना वॉशर दाखव," स्टम्बो सर म्हणाले.

गेहार्ट हा आमचा शिपाई, सफाईवाला, सुतार आणि प्लंबर. तो कॉफीचा एक डबा घेऊन आला आणि त्याने तो खळखळवला. "घ्या. कुठला हवा? अर्ध्या इंचाचा की पाऊण?"

"त्याच्यावर क्रमांक असायला पाहिजे."

"बाई, याच्यावर क्रमांक घालायचा तर एक मुंगी नोकरीला ठेवावी लागेल."

मिस प्रुईट हसल्या नाहीत. त्यांनी स्टम्बो सरांकडे पाहिलं. सरांनी यादीच्या कागदाकडे पाहिलं आणि त्यांचा धीर सुटला. "तो, तो नळात बसवलेला आहे," ते म्हणाले.

"बघू."

मग नळ उघडला. चकती बाहेर आली, पाठोपाठ पाणी आलं, सगळ्यांचे बूट भिजले. चकतीवर क्रमांक नव्हता. आणि मित्रांनो, इतका वेळ मी कुठे होते? मी तिथेच होते. मिस प्रुईट माझ्यावरच वही ठेवून लिहीत होत्या. इतका मोठा धक्का मला विजेनेही कधी दिला नव्हता.

"नग गहाळ," असं लिहून झाल्यावर त्यांनी मला हात लावला. "आणि हे काय आहे? हे यादीत नाही."

नळातली चकती म्हणजेच वॉशर, हे स्टम्बो सर नुकतंच शपथेवर बोलल्यासारखं बोलले होते. आता शब्द फिरवणार कसा? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "असेल कुणाचं तरी."

गेहार्टने तोंड उघडलं. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने त्यात कॉफी ओतून ते बंद केलं.

"मालक सापडेपर्यंत बंद ठेवा. न सापडल्यास गुरुवारी बाहेर काढा," मिस प्रुईट म्हणाल्या आणि त्यांनी माझा प्लग उपटला.

तो सोमवार होता. टेसाची पिशवी माझ्या समोर न उघडता पडून राहिली आणि न धुता घरी परत गेली.

मंगळवारी टेसा आली नाही.

बुधवारी आली नाही.

तीनपैकी दोन दिवस गेले. मी अंधारात बंद उभी होते. ड्रायरला मी विचारलं, तुझा देव काही करतो का? तो म्हणाला, तो रविवारी भेटतो.

पुढचं मी पाहिलेलं नाही. गेहार्ट माझ्यावर बसून कॉफी पितो, त्याने सांगितलं. गुरुवारी मॅमॉने ट्रंकेच्या तळाशी हात घातला. तिथे मार्चमध्ये धुतलेला एक जांभळा शर्ट ईस्टरच्या चर्चसाठी जपून ठेवलेला होता. ईस्टरला टेसाला ताप आला होता आणि तो तसाच घडीत राहिला होता. मॅमॉने अंधारातच तो टेसाला चढवला, न धुतलेल्या कपड्यांची पिशवी हातात दिली आणि तिला बसमध्ये बसवलं. टेसा शाळेत आली आणि सकाळच्या फुकट न्याहारीच्या रांगेत उभी राहिली. तिच्या मागे मिस प्रुईट होत्या. त्यांच्या ताटलीत पावासारखी मऊ बिस्किटं आणि त्यांवर पांढरी दाट ग्रेव्ही होती.

"थांब बाळा, हलू नकोस," मिस प्रुईट म्हणाल्या. "तुझ्या पाठीवर ४१७ आहे. हरवलेल्या वॉशरचा क्रमांक."

"मी काही केलं नाही," टेसा म्हणाली.

"हलू नकोस म्हणते ना."

"तसं तर छापलेलंच आहे तिच्यावर," गेहार्ट म्हणाला.

मिस प्रुईट नीट वाचायला वाकल्या आणि ताटलीतली ग्रेव्ही त्यांच्याच बाहीवर सांडली. सगळी मुलं बघू लागली. टेसाने मागच्या बाकावरच्या पोरांकडे पाहिलं. आता वॉशर दाखवली तर पिशवीचं गुपित फुटणार; ते फोडायचं की गप्प राहून उद्यापासून घरी बसायचं, हे तिलाच ठरवायचं होतं. मिस विल्मा त्याच सकाळी परतल्या होत्या. त्या दारात उभ्या होत्या.

"मला माहितीय वॉशर कुठाय," टेसा मोठ्याने म्हणाली. "चला, दाखवते."

माझ्या खोलीचं दार उघडलं. पुढे टेसा, मागे मिस प्रुईट, मिस विल्मा, स्टम्बो सर आणि गेहार्ट. माझ्या कपाळावर एक पांढराशुभ्र चौकोन उरला होता. मिस प्रुईटनी शर्टावरची चिठ्ठी तिथे धरायला टेसालाच पाठमोरं उभं केलं. चिठ्ठी चौकोनाएवढीच निघाली.

"म्हणजे वॉशर ही?"

"मग?" टेसा म्हणाली. "चकतीने कुणाचे कपडे धुतात, बाई?"

स्टम्बो सर छताकडे बघू लागले.

"आणि हिचा मालक?"

"माझी मॅमॉ. तंबाखूच्या करातून घेतलीय तिने."

मिस प्रुईटनी ते लिहून घेतलं. मग आपल्या बाहीकडे बघत त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "ही ग्रेव्ही निघेल का हिच्यात? दुपारी मला बैठक आहे."

"नाही चालणार," मिस विल्मा म्हणाल्या. "हिच्यात फक्त पोरांचे कपडे. निधी त्यांचा आहे."

मला वाटलं, संपलं. मिस प्रुईटनी ग्रेव्हीची बाही कोपरापर्यंत दुमडली. मग म्हणाल्या, "या जिल्ह्यात नियमाला धरून मिळालेलं हे पहिलं उत्तर." आणि वाकून त्यांनी स्वतः माझा प्लग लावला.

चिठ्ठी मात्र शर्टावरून निघेना. मीच ती गरम पाण्यात पक्की केली होती. म्हणून मिस प्रुईटनी नियमाप्रमाणे, क्रमांक जिथे सापडला तिथेच वस्तूची नोंद केली. 'क्रमांक ४१७. आढळ, टेसा नेपिअर, इयत्ता चौथी, पाठ. स्थिती स्वच्छ. वापरात.'

"अहो, पण ती मुलगी आहे," स्टम्बो सर म्हणाले.

"सर, सोमवारी तुम्ही मला चकती दाखवलीत," मिस प्रुईट म्हणाल्या.

टेसाने सगळ्यांसमोर पिशवी माझ्यात रिकामी केली. मागच्या बाकावरचा एक जण तिच्यामागून आला होता. तो आपली वाचनाची पिशवी घेऊन दाराशीच घुटमळला. तिच्यातही पुस्तकं नव्हती.

शाळा संपायला अजून नऊ दिवस आहेत आणि टेसाच्या खात्यात एकच दिवस शिल्लक आहे. मॅमॉने ते कोर्टाचं पत्र स्वयंपाकघरात टाचून ठेवलंय म्हणे.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मशीनची काळजी घ्या. झाकण हळू बंद करा. खिशात खिळे ठेवू नका. आणि कुणाच्या शर्टाला वास आला, तर खिडकी उघडण्याआधी त्याच्या घरी नळ आहे का ते विचारा.

माझी आता फारशी वर्षं उरलेली नाहीत. तेव्हा जाण्याआधी हा एक अर्ज करून ठेवते.

मा. अधिकारी, वस्तू नोंद विभाग, केंद्र सरकार यांस. क्रमांक ४१७ च्या नोंदीत पुढीलप्रमाणे दुरुस्ती व्हावी, ही नम्र विनंती. वस्तूचे नाव: टेसा नेपिअर व तिची मॅमॉ. नग: एक. सुटे भाग करता येत नाहीत. परवानगीशिवाय हलवू नये. परवानगी देऊ नये.