मास्टर, मोठ्यानं सांगा

साड्या रंगवण्याच्या कारखान्यातला कलर मास्टर योगेंद्र कारागिरांना रंग कानात सांगायचा आणि माल बिघडला की हात झटकायचा. दिवाळीत त्यानं स्वतःची चूक कारागीर नूतनवर ढकलली, शेठनं सगळ्यांदेखत तिची अब्रू काढली. डिंडोली वस्तीतून कामाला येणारी ती बाई हे विसरली नाही.

त्यानंतर रोज सकाळी अगरबत्ती लावायला सगळे जमले की ती म्हणायची, "मास्टर, आजचा रंग मोठ्यानं सांगा. मागं ऐकू येत नाही." नाइलाजानं तो सांगायचा.

काल साड्यांचा अख्खा लॉट चुकीच्या रंगात निघाला. शेठ कडाडले, "हा रंग कोणी सांगितला?" योगेंद्रनं सवयीनं नूतनकडे बोट दाखवलं. कारागीर मात्र त्याच्याकडेच बघत राहिले.

नूतन शांतपणे म्हणाली, "मास्टर, सकाळी काय सांगितलं होतं? मोठ्यानं सांगा. शेठना ऐकू येत नाही."