कीडाबाबाची परात

शनिवारी मानिक चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. कापडवाल्यांनी गिऱ्हाइकं सोडली होती, रिक्षावाल्यांनी रिक्षा सोडल्या होत्या, आणि सगळे माना उंचावून एका पितळी परातीकडे बघत होते. परातीत पाणी, मधोमध एक वीट, विटेवर रसरसलेले निखारे. कीडाबाबा निखाऱ्यांवर चिमूटभर जडी टाकी, धूर उठे, आणि कांबळ्याखाली परातीवर तोंड वासून ओणवलेला दातदुखीवाला ठसकू लागे. कांबळं काढलं की पाण्यावर पांढरे, वेटोळ्याचे बारीक किडे तरंगत असत.

“हाथ कंगन को आरसी क्या, भैया!” बाबा गरजला. “डॉक्टर दाँत उखाड़त है, हम कीड़ा उखाड़त हैं! दाँत तुम्हारा, कीड़ा हमारा!”

लोकांनी जयजयकार केला. बाबाच्या पाठीमागे भलाथोरला फ्लेक्स टांगला होता. त्यावर जुनं कोरीव चित्र: झगा घातलेला गोरा वैद्य, तोंड उघडून बसलेला रोगी आणि समोर तसंच धुराचं भांडं. खाली लिहिलं होतं, ‘विलायत की तीन सौ साल पुरानी किताब में प्रमाण’. बाबाही झाला आणि विलायतही झाली, आता शंका कोण घेणार?

शलाकाने ते चित्र पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. पिढ्यानपिढ्या या हिंदी मुलखात राहिलेल्या मराठी घरातली ती मुलगी कॉलेजात इतिहास शिकवायची आणि औषधोपचारांचा इतिहास मुलांना जुन्या चित्रांवरून समजावून द्यायची. परदेशातल्या ग्रंथालयांनी जुन्या पुस्तकांची पानं इंटरनेटवर खुली ठेवली आहेत, त्यांतलंच हे एक पान. यावर तिने एक अख्खा तास घेतला होता. फ्लेक्सवर फक्त वरचं चित्र होतं, खालचा इंग्रजी मजकूर छाटलेला. न वाचता छाटला की वाचून छाटला, ते बाबाच जाणे.

तरी चित्राचं जाऊ द्या. रांगेत पुढे तिचे वडील, शिवाजीराव बसले होते, आणि शेजारी त्यांना इथे घेऊन आलेली त्यांची थोरली बहीण राधाबाई. शिवाजीरावांच्या गालाच्या आत एक चट्टा होता, मधे जखम. उभा जन्म तंबाखू चघळलेला माणूस. जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं, आणि शिवाजीराव दर शनिवारी इथे धूर घेत होते.

“अण्णा, उठा. मेडिकल कॉलेजात आजची वेळ घेतलीय मी.”

“दुखतच नाही तर तुकडा कशाला कापून द्यायचा? बाबाजींनी ओंजळभर किडे काढले. अब जड़ से मिट जाएगा.”

“ते किडे नाहीत हो. बिया आहेत बिया!”

पालथ्या घड्यावर पाणी. शलाकाने आत्याला बाजूला ओढलं, फोनवर ते पान उघडलं आणि खालचा मजकूर तिला मराठीत वाचून दाखवला. 

“इंग्रजाचं मला सांगू नकोस,” राधाबाई म्हणाल्या. “बाबा खरा असेल तर त्याला न सांगताच कळेल.” पदर खोचून त्या रांग मोडून पुढे गेल्या.

“महाराज जी, हमारी भी दाढ़ में दरद है.”

“कौन सी तरफ, अम्मा?”

“आप ही बताओ. आप तो अंतर्यामी हो.”

बाबाने डोळे मिटले, ओठ पुटपुटले. “बाईं तरफ. सबसे पीछे की दाढ़. पूरी पोली है, कीड़ों का कुटुम बसा है!”

कांबळं पडलं, धूर झाला, राधाबाई ठसकल्या. परातीत किडेच किडे. बाबाने काडीवर एक उचलून सगळ्यांना दाखवला. “ये देखो, दाढ़ का राजा!”

राधाबाईंनी डोळे पुसले. घरातसुद्धा बोळकं तोंड कुणाला दिसू न देणारी ती बाई. तिने भर चौकात वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही परातीशेजारी ठेवल्या.

“कौन सी दाढ़, महाराज? इसमें से बता दो.”

हशा उसळला तो थांबेना.

“की... कीड़ा मसूड़े में था, अम्मा!” बाबा तिच्या हिरड्यांकडे बोट दाखवू लागला.

“अबहीं तो दाढ़ को राजा हतो!” एक कापडवाला ओरडला.

शलाकाने बाबाची जडीची पुडी उचलली, निखाऱ्यांवर ओतली आणि कांबळं नुसत्या परातीवर पसरलं. खाली कुणाचंही तोंड नव्हतं. थोड्या वेळाने तिने ते ओढून काढलं. पाण्यात पुन्हा तेच पांढरे किडे.

“अब ये किसके दाँत से निकले? ईंट के?”

मग तिने सगळ्यांना सांगितलं. ही जडी म्हणजे खुरासानी ओवा, याच चौकात जडीबुटी विकणाऱ्या पंसाऱ्याकडे मिळतो. बी तापलं की तडकतं, आतला वाकडा कोंब उडून पाण्यात पडतो आणि किड्यासारखा दिसतो. फ्लेक्सवरच्या पानात, चित्राच्या खाली, नेमकं हेच लिहिलंय. जत्रेतल्या ठगांपासून लोकांनी सावध राहावं म्हणून ते चित्र छापलं होतं, आणि या ठगाने तेच प्रमाणपत्र म्हणून टांगलं.

“पर दरद तो जात है, बिन्ना,” गर्दीतून कुणी शलाकाला म्हणालं.

“हाँ, जाता है! ये धुआँ मुँह सुन्न कर देता है. दर्द सो जाता है और रोग अंदर बढ़ता रहता है!” शलाकाचा आवाज चिरकला. “इस आदमी ने आज तक किसी का मुँह खोलकर अंदर देखा है? एक का भी?”

बाबा परात तिथेच टाकून गल्लीत सटकला होता. शलाका वडिलांकडे वळली. “अण्णा, तुमच्या तोंडात त्याने एकदा तरी पाहिलं?”

शिवाजीरावांनी नकारार्थी मान हलवली आणि ते उठले.

तुकडा तपासला. कॅन्सर होता. गालाचा भाग आणि खालच्या जबड्याच्या हाडाचा एक तुकडा कापावा लागला. पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच आले असते तर जबडा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. शिवाजीराव जगले. चौकात तासन्‌तास गप्पा मारणाऱ्या त्या माणसाचं बोलणं आता घरच्यांनाही दोनदा विचारावं लागतं. “मीच नेलं गं त्याला,” राधाबाई अजून म्हणतात.

त्या दिवशी चौकात सगळे पोट धरून हसले, पण त्यांतले निम्मे थोड्याच वेळापूर्वी जयजयकार करत होते. म्हणून सरळ सांगायचं ते हे. कुणी तुमच्या अंगातून किडे, खडे, केस, काहीही काढून दाखवू लागला, तर आधी तुम्ही बाजूला सरा आणि त्याला म्हणा, आता काढ. आणि तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर जो आत डोकावून बघेल त्या डॉक्टरकडे जा. दुखत नसली तरी जा.