पश्चिमेच्या भिंतीची ओल

मी तळवली गावातलं एक जुनं कौलारू घर आहे. मला चार दारं, सात खिडक्या, अकरा सागवानी तुळया आणि एक हजार दोनशे साठ कौलं आहेत. त्यांतली एकाहत्तर फुटकी. पश्चिमेच्या भिंतीत ओल अठरा टक्के. ही उन्नतीची पहिल्या दिवसाची मोजणी. कौलं तिने दोनदा मोजली, कारण पहिल्या वेळी एक कमी भरलं होतं.

मित्रांनो, मला तिच्या पणजोबांनी, देवजींनी बांधलं. तेव्हा भरतीचं पाणी परसापर्यंत येई. खाडीतले शिंपले भाजून त्यांनी चुना केला आणि त्यात माझ्या विटा बसवल्या. जमिनीतली खारी ओल माझ्या भिंतींत चढे आणि चुन्यातून वाऱ्यावर उडून जाई. देवजीच्या घरात उन्हाळा शिरत नाही, असं पाहुणे म्हणत. पुढे भराव पडला, खाडी दूर गेली, भोवती इमारती उठल्या. बारा वर्षं मी कुलपात होतं.

उन्नतीचे वडील कुंदन मला पाडायला निघाले होते. रसायनशास्त्र शिकलेली उन्नती आडवी आली.

“भिंत सुकली तर घर ठेवाल, पप्पा?”

“पुढच्या दिवालीपर्यंत सुकव. नाय सुकली तं बिल्डरला सही.”

“दहा टक्क्यांच्या खाली आणते.”

“बघा, माझी पोर घराचा बीपी मोजते!” ते हसले, पण शब्द दिला.

हिवाळाभर तिने चुना भिजवला, चाळला, मळला. श्यामसुंदर गवंडी कुरकुरत शिकला. फुटक्या कौलांच्या जागी तिने जवळच्या दिघा गावातल्या एका पाडलेल्या घराची जुनी कौलं आणून बसवली. मे महिन्यात ओल अकरा टक्क्यांवर आली. मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, आपण राहणार.

मग ती नोकरीच्या प्रशिक्षणाला तीन आठवडे पुण्याला गेली. एका सकाळी कुंदन आले, त्यांनी भिंतीला नख लावलं. चुना खरवडला गेला. पोरीची मेहनत पावसात वाहून जाईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी श्यामसुंदरला बोलावलं आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून-बाहेरून, तीन फुटांपर्यंत सिमेंट चढवलं. वर पांढरा रंग दिला. मला ओरडता आलं असतं तर!

उन्नती परतली.

“बघ गो, तुझ्या चुन्यासारखाच दिसतो ना? आनी घट पन हाय!”

तिने बोटाने भिंत ठोकली. आवाज टणक आला. ती ओट्यावर बसली.

“पप्पा, ओल आता बाहेर कुठून पडणार?”

कुंदनचा चेहरा उतरला. “काढू ना मग. आताच काढू.”

श्यामसुंदरने छिन्नी लावली. सिमेंटबरोबर विटेचा अर्धा तुकडा हातात आला. त्याने छिन्नी खाली ठेवली.

“ताई, अजून काढलं तर भिंतच येईल.”

मग चार महिने पाऊस पडला. माझ्या आत पाणी चढत राहिलं आणि कुणालाच काही करता आलं नाही. कुंदन येत, भिंतीवर हात ठेवून उभे राहत.

मित्रांनो, त्यांनी माझं वाईट चिंतलं नव्हतं. तुम्ही एखादं जुनं घर दुरुस्त कराल तेव्हा, ते कशाचं बनलंय हे हात लावण्याआधी विचारा. मला वाचवणाऱ्या हातांनीच माझ्या ओलीची वाट बंद केली.

वसुबारसेच्या सकाळी, दिवाळीची मुदत भरली तेव्हा, उन्नतीने ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया माझ्यात रोवल्या. कुंदन शेजारी उभे होते. तिने वहीत लिहिलं : पश्चिमेची भिंत, सिमेंटच्या वरच्या कडेला, एकवीस पूर्णांक चार टक्के.